खो उशिरा पडला, वह्या राहिल्या, आणि शनिवारी परिपाठ

प्रिय बाई,

मी १०वीत आहे, मराठी माध्यम. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. मी शाळेच्या खो-खो संघात आहे, १७ वर्षांखालील. यंदा आम्ही तालुका जिंकलो, जिल्हा जिंकलो आणि विभागीय स्पर्धेला गेलो. तिथे अंतिम सामना १३-१४ असा एका गुणाने हरलो. माझ्यामुळे हरलो. शेवटची काही सेकंदं राहिली होती, मी धावत होते, मैत्रिणीला खो दिला, तिने उठून समोरची मुलगी टिपली. पण माझा पाय ती बसली होती त्या पाटीच्या, म्हणजे आडव्या पट्ट्याच्या, पुढे गेला होता, पंचांनी शिट्टी मारली आणि तो गडी बाद धरला नाही. तेव्हापासून ती मैत्रीण माझ्याशी नीट बोलत नाही.

सराव शिबिर आणि स्पर्धा मिळून माझे ११ दिवस बुडाले. प्रथम सत्राचे दोन पेपरही राहिले. आता दिवाळीची सुट्टी लागायला चार दिवस आहेत आणि सगळ्या बाई-सरांना सुट्टीआधी वह्या पूर्ण हव्यात. विज्ञानाच्या प्रयोगवहीत चार प्रयोग राहिलेत, गणितात अंकगणिती श्रेढी आणि वर्तुळ, इतिहासाचे दोन स्वाध्याय, भूगोलात ब्राझीलचे नकाशे. मी मोजलं, ६७ पानं होतात.

शिवाय परिपाठात खेळाच्या बातम्या मी वाचते. वर्गशिक्षिका म्हणाल्या, शनिवारी सुट्टीआधीचा शेवटचा परिपाठ आहे, तुमच्या सामन्याची बातमी तूच लिहून वाच. मी लिहिली आहे, सोबत पाठवते. पण माइकसमोर वाचताना रडू येईल असं वाटतं.

पप्पांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, हरलात ना, आता ते बोर्डाला मिळणारे खेळाचे २५ गुणही गेले, दिवाळीनंतर मैदानावर पाय ठेवायचा नाही. आई काहीच बोलत नाही. मी काय करू?

– ६७ पानं राहिलेली

*

(हे पत्र मंगळवारी आलं. सदर छापून येईपर्यंत थांबलो असतो तर पोरीचा शनिवार निघून गेला असता. म्हणून उत्तर तिला त्याच रात्री पाठवलं. आता तिच्या परवानगीने, गावाचं आणि शाळेचं नाव काढून, इथे देते आहे.)

प्रिय ६७ पानं,

आधी पानांचा हिशोब करू, कारण मी जन्मभर गणित शिकवलं आणि तू पानं मोजून पत्र लिहिलंस म्हणून तू मला आवडलीस. एक पान नीट अक्षरात उतरवायला १२ मिनिटं धर. ६७ पानांची ८०४ मिनिटं होतात, म्हणजे साडेतेरा तासांना थोडी कमी. शाळा सांभाळून चार रात्रींत हे करायचं तर रोज सव्वातीन तासांच्या वर नुसतं खरडणं. शुक्रवारी रात्री तुझं बोट सुजेल, वही पूर्ण होईल, शनिवारी लाल पेनाची सही मिळेल, आणि अंकगणिती श्रेढी तुला मंगळवारी जेवढी येत होती तेवढीच येत असेल.

आता एक कबुली देते. सुट्टीआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत वह्या तपासताना मी स्वतः शेकडो सह्या ठोकल्या आहेत. पान उलटायचं, खाली बरोबरची खूण, तारीख, पुढचं पान. स्टाफरूममध्ये ढीग लागलेला असतो, कुणीतरी चिवड्याचा डबा उघडलेला असतो, आणि आम्हालाही घरी फराळाचं करायचं असतं. एका वर्षी एका गणितात कुणीतरी १७चे ११ केले होते. ती एकच चूक मला १४ वह्यांत सापडली, त्याच ओळीवर, त्याच ठिकाणी. मूळ वही कुणाची ते शोधायला मला दोन मिनिटं लागली. बाकीच्या १३ जणींनी एक आकडाही न वाचता पानं भरली होती. त्यांचे हात दुखले असतील, पण गणित कुणीच केलेलं नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की ६७ पानं या चार दिवसांत पूर्ण करू नकोस. सरळ मुदत माग.

ती कशी मागायची हेही महत्त्वाचं आहे. तास सुरू असताना, सगळ्या वर्गासमोर, बाकावरून उभं राहून मागायची नाही. तिथे शिक्षकाला ‘नाही’ म्हणावं लागतं, कारण मागे बसलेली पाच पोरं कान टवकारून असतात. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी जा. हातात एक कागद ठेव, त्यावर विषयवार काय राहिलं आहे आणि कोणत्या तारखेला दाखवशील ते लिहिलेलं असू दे. म्हण, “बाई, स्पर्धेमुळे हे एवढं राहिलंय. प्रयोगवही मी शनिवारच्या आत शक्य तेवढी करते. बाकीचं सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी दाखवते. चालेल का?” कागदावर तारीख असली की शिक्षकांचा अर्धा राग उतरतो. आमचा राग वहीवर कमी आणि ‘करते बाई, करते बाई’ या पालुपदावर जास्त असतो. तरीही कुणी नाही म्हटलं तर क्रीडाशिक्षकांना सोबत घेऊन जा. तुम्हाला स्पर्धेला शाळेनेच पाठवलं होतं, तू काही जत्रेला गेली नव्हतीस.

राहिलेल्या दोन पेपरांचंही त्याच फेरीत विचारून घे. शाळेच्या नावाने खेळायला गेलेल्या मुलांचे पेपर बहुतेक शाळा नंतर घेतात, पण आपण विचारल्याशिवाय ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता कामाला कुठून लागायचं ते सांगते. आधी प्रयोगवही. तुला ठाऊकच आहे, विषयाला लेखी ८० आणि २० शाळेच्या हातात. विज्ञानात ते २० गुण प्रात्यक्षिकाचे. पण इथेही मैत्रिणीच्या वहीतून निरीक्षणं उतरवून घ्यायची नाहीत. तिच्या भिंगाचं नाभीय अंतर तिच्या भिंगाचं आहे. प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांना गाठ, विज्ञानाच्या बाईंची परवानगी घे, आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास माग.

बहिर्वक्र भिंगाचा प्रयोग तर अगदी सोपा, आणि मला विचारशील तर १०वीतला सगळ्यात देखणा. खिडकीपासून आत, जरा अंधाऱ्या भिंतीकडे उभं राहायचं. एका हातात भिंग खिडकीच्या दिशेने धरायचं आणि मागे पांढरा कागद. कागद पुढे-मागे सरकवत जायचं. आधी नुसता उजेडाचा डाग दिसतो, मग एका जागी बाहेरचं झाड कागदावर अवतरतं. उलटं, बोटभर, पण पानं हलताना दिसतात. तिथे थांबायचं आणि भिंगापासून कागदापर्यंत पट्टी लावायची. दूरच्या वस्तूची प्रतिमा जिथे स्पष्ट पडते तिथवरचं अंतर म्हणजे नाभीय अंतर. तीनदा मोज, सरासरी काढ. एकटीने करायला गेलीस तर भिंग, कागद आणि पट्टी यांत तिसरा हात कमी पडतो. ते ध्यानात ठेव, त्याकडे मी परत येणार आहे.

गणितासाठी मैत्रिणीची वही आणलीस तरी तिच्यातून फक्त प्रश्न उतरव, उत्तराची जागा कोरी सोड. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाच, पुस्तक बंद कर आणि स्वतः सोडव. अडलीस तरच तिची वही उघड. सुट्टीत अभ्यासाच्या पहिल्या दिवशी ३ गणितं कर, मग रोज एकेक वाढव. १० दिवसांत एकूण किती गणितं होतील ते श्रेढीच्या बेरजेच्या सूत्राने काढ, तेच तुझं पहिलं गणित. ७५ आलं पाहिजे. ७५ गणितांत श्रेढीचा कणा मोडतो आणि वर्तुळाच्या प्रमेयांनाही हात लागतो. वर्तुळाला मात्र आकृती काढल्याशिवाय बसू नकोस. स्पर्शिका म्हणजे काय ते वाचून कळत नाही, कंपास फिरवल्यावर कळतं.

इतिहासाचं पाहून मला हसू आलं. राहिलेले स्वाध्याय पाचवा आणि सहावा असणार, म्हणजे प्रसारमाध्यमं आणि मनोरंजनाची माध्यमं. त्याच्या पुढचा पाठ कोणता ते पाहिलंस का? ‘खेळ आणि इतिहास’. ११ दिवस मैदानावर काढून आलेल्या आणि परिपाठात बातम्या वाचणाऱ्या मुलीने या पाठांच्या उत्तरांसाठी गाइड उघडलं तर मी काय म्हणू! पाठ एकदा वाच आणि उत्तरं तुझ्या शब्दांत लिही. सातवा पाठ सुट्टीत पुढचा म्हणून वाचून टाक, शाळा उघडल्यावर तेवढीच पुढे असशील.

ब्राझीलचे नकाशे कोरे छापील घेऊन भर, एक संध्याकाळ पुरे. भूगोलाबद्दल मला यापेक्षा जास्त काही सांगता येणार नाही.

आता बातमी. तू पाठवलेला मजकूर असा सुरू होतो: ‘अतिशय दुःखाची बातमी! पंचांच्या अन्यायकारक निर्णयामुळे आपल्या शूर वाघिणींच्या तोंडचा घास हिरावला गेला आणि संपूर्ण शाळेवर शोककळा पसरली...’

शोककळा पसरली? शनिवारी सुट्टी लागणार आहे गं. पोरांच्या डोळ्यांसमोर किल्ल्याची माती आणि फुलबाज्या नाचत असतील. शाळेवर शोककळा वगैरे काही पसरलेली नाही, ती तुझ्यावर पसरली आहे. तुझं दुःख खरं आहे, पण ते बातमीत घालायचं नाही.

आणि ‘अन्यायकारक निर्णय’ तर मी लाल पेनाने खोडला आहे. तू स्वतःच पत्रात लिहितेस की पाय पाटीच्या पुढे गेला होता. आडवी पाटी सोडून पुढे गेल्यावर त्या पाटीतल्या मुलीला खो देता येत नाही, आणि अशा नियमभंगातून टिपलेला गडी बाद धरत नाहीत. पंचांनी जे पाहिलं तेच दिलं. खरं तू मला खाजगीत सांगितलंस आणि माइकवर दुसरंच सांगणार आहेस. संघातल्या बाकीच्या मुली समोर रांगेत उभ्या असतील. त्यांना खरं माहीत आहे.

तू १०वीत आहेस म्हणून आणखी एक. बातमीलेखन ही तुमच्या मराठीच्या पेपरातल्या उपयोजित लेखनातली कृती आहे, ५ गुणांची. तेव्हा शनिवारची बातमी हा आयता सराव समज. ठळक शीर्षक, मग पहिल्याच वाक्यात कोण, कुठे, काय आणि निकाल. तपशील नंतर. ‘मी’ नाही, ‘आम्ही’ नाही, उद्गारचिन्ह नाही. चांगली क्रीडा बातमी किती कमी बोलते ते पाहा. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. ‘प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं.’ संपलं. कोण, कुणाला, कशात, कितीने. त्या ३८ गुणांच्या फरकात सगळा आनंद आला, वाघिणी आणाव्या लागल्या नाहीत.

तुझ्याच माहितीवरून मी असं लिहीन:

‘विभागीय खो-खो स्पर्धेत आपला संघ उपविजेता. १७ वर्षांखालील मुलींच्या विभागीय शालेय खो-खो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपल्या संघाला १३-१४ असा एका गुणाने पराभव स्वीकारावा लागला. शेवटच्या क्षणी आपल्या संघाने टिपलेला गडी उशिरा दिलेल्या खोमुळे बाद ठरला नाही. याआधी संघाने तालुका आणि जिल्हा स्पर्धेचे विजेतेपद मिळवले होते.’

यात तू दोन ओळी घाल: सर्वांत जास्त वेळ संरक्षण कुणी केलं आणि सर्वांत जास्त गडी कुणी टिपले. नावं आणि आकडे सामन्याच्या नोंदींच्या धावपत्रकावरून घे, आठवणीतून नको. आणि तुला उभं राहून वाचायला अवघड वाटतंय ते वाक्य मी मुद्दाम मधोमध ठेवलं आहे. त्याच्यानंतर लगेच जिल्ह्याचं विजेतेपद येतं, तिथे आवाज आपोआप वर जातो. घरी मोठ्याने पाच वेळा वाच. पहिल्या दोन वेळी रडू येईल. पाचव्या वेळी ते ‘उशिरा दिलेल्या खोमुळे’ तुला ‘वायव्येकडून वारे वाहतील’ इतकंच वाटायला लागेल. कुणाचा खो, हे लिहायची गरज नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, पाचवीतल्या पोरांना ते सांगून काय करायचंय?

या बातमीत एक गणितही दडलं आहे, ते तुझ्या नजरेतून सुटलं. तो गडी धरला असता तर काय झालं असतं? १४-१४. म्हणजे बरोबरी. पुढे निकालासाठी आणखी खेळावं लागलं असतं आणि त्यात काय झालं असतं ते मला माहीत नाही आणि तुलाही नाही. ‘माझ्यामुळे हरलो’ असं तू दोन शब्दांत लिहून टाकलंस. समोरच्या संघाचे १४ गुण झाले म्हणजे आपल्या मुली १४ वेळा बाद झाल्या. त्या १४ वेळांचा हिशोब कुणी पत्रात लिहून मला पाठवला नाही. तू मात्र स्वतःच्या एका खोचा पाठवलास. चूक तुझी होती, ती नाकारू नकोस. पण हिशोब मांडायचाच तर पूर्ण मांड. तू किराणा दुकानदाराची मुलगी आहेस.

आता पप्पांकडे येऊ.

पहिली गोष्ट, हा विषय या आठवड्यात काढू नकोस. दिवाळीच्या तोंडावर किराणा दुकानात काय असतं ते मला माहीत आहे. रवा, मैदा, पोहे, डालडा, तेलाचे डबे, उधारीची वही आणि वसुबारसेपासून उसंत नाही. अशा माणसाला रात्री १० वाजता ‘पप्पा, खेळाचं काय?’ विचारलं की उत्तर ‘बंद’ हेच येणार. भाऊबीज होऊ दे. शक्य असेल तर मधल्या दिवसांत तासभर दुकानात पुड्या बांधायला बस. मस्का म्हणून नको, मदत म्हणून. अर्थात थोडा मस्का लागलाच तर माझी हरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ते काय बंद करायला निघालेत ते नीट समजून घे. शालेय स्पर्धेत विभागातून विजेता संघच पुढे राज्याला जातो. तुम्ही उपविजेते. म्हणजे तुमचा यंदाचा शालेय हंगाम तिथेच संपला. शिबिर नाही, प्रवास नाही, ११ दिवस बुडणं नाही. पप्पा जे बंद करताहेत ते आपोआप बंद झालेलंच आहे! तेव्हा ‘मला खेळू द्या’ असं भांडण उभं करून तू नसलेल्या गोष्टीवर हरशील. मागायचं एवढंच की संध्याकाळी पाऊण तास मैदानावर जाऊ द्या, धावून येते, पावणेसातला घरी. ११ दिवस धावलेलं शरीर एकदम खुर्चीत डांबलं तर ते अभ्यासही करू देत नाही. पाय वळवळतात, झोप उशिरा लागते, चिडचिड होते. मी वर्षानुवर्षं मुलींच्या संघासोबत शिक्षिका हवी म्हणून एसटीने फिरले आहे. खेळणं एका रात्रीत तोडलेल्या मुलींचं जानेवारीत काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

शाळेबाहेर संघटनेच्या स्पर्धाही असतात, त्यांना यंदा जाऊ नकोस, असं पप्पा म्हणाले तर मात्र मी त्यांच्या बाजूची. तुला हे आवडणार नाही. पण २०२५मध्ये बोर्डाचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता. ‘मार्चमध्ये परीक्षा’ हे आमच्या वेळचं वाक्य आता विसर. सुट्टीवरून आलात की सराव परीक्षा, प्रात्यक्षिकं, तोंडी, आणि लगेच बोर्ड. मधल्या काळात आणखी एक स्पर्धा बसत नाही. एक मोसम सोडल्याने खो-खो सुटत नाही.

तिसरी गोष्ट, ते २५ गुण. इथे पप्पा चुकताहेत आणि कदाचित तूही. क्रीडा गुण म्हणजे ‘जिंकलो तर २५, नाहीतर शून्य’ असा मटका नाही. कोणत्या स्तरावर खेळलात आणि तिथे कितवे आलात यावर ते ठरतात. २५ ही वरची मर्यादा, ती अगदी मोठ्या स्पर्धांसाठी. राज्याला गेला नाहीत म्हणून सगळं गेलं असं धरून बसू नका. जिल्ह्याच्या विजेतेपदाचं आणि विभागाच्या उपविजेतेपदाचं, दोन्ही प्रमाणपत्रं घेऊन क्रीडाशिक्षकांकडे जा आणि यंदाच्या नियमात ती कुठे बसतात ते विचार. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो, तिथून बोर्डाकडे. त्याला मुदत असते. आणि दरवर्षी कुणा ना कुणाचं तरी प्रमाणपत्र गादीखाली सापडतं, मुदत उलटल्यावर! तुझ्या नावाचं शुद्धलेखन आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी आत्ताच ताडून पाहा. एका वेलांटीपायी फेऱ्या मारणारे पालक मी पाहिलेत. मात्र या गुणांवर विसंबून एकही पाठ सोडायचा नाही.

एक मोह टाळ. पप्पांसमोर मोठ्या खेळाडूंची नावं ठेवू नकोस. तुमच्या भागात खो-खो खेळणाऱ्या मुलीला धाराशिवच्या सारिका काळे माहीत नाहीत असं होत नाही. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार, २०२०चा अर्जुन पुरस्कार. तू त्यांच्याकडे पाहून खेळत असशील तर उत्तमच. पण दुकानात बसलेला बाप मनात म्हणतो, अर्जुन पुरस्कार एकीला मिळाला, बाकीच्या हजारांचं काय? आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याला नाव नको, हिशोब दे. कागदावर रोजचा वेळ लिही: शाळा, गणित, झोप, मैदान पाऊण तास. खाली लिही, ‘सराव परीक्षेत गणितात कमी पडले तर पाऊण तास बंद’. आकडा तूच ठरव, आणि खरा ठरव. उधारी देताना पप्पा जसा माणूस पाहतात तसे ते तुला पाहतील.

आई काहीच बोलत नाही असं तू लिहिलंस. तिला विचारलंयस का काही? तिच्याशी आधी बोल, चकल्या पाडताना. सोऱ्या फिरवायला लाग आणि बोलायला लाग.

सुट्टीचे पहिले दोन दिवस काहीही करू नकोस. झोप. पायाला तेल लावून घे. अभ्यंगस्नानाच्या दिवशी, लक्ष्मीपूजनाला आणि भाऊबीजेला वही उघडायची नाही, श्रेढी त्या दिवसांना वगळून चालू ठेव. त्याने बेरीज बदलत नाही, फक्त दिवस लांबतात.

राहता राहिली ती मैत्रीण.

तुझ्या पत्रात तिच्यासाठी एकच वाक्य आहे. बाकी सगळं पानांवर आणि पप्पांवर. पण तिच्या बाजूने तो क्षण एकदा पाहा. ती पाटीत बसली आहे, पाठीवर थाप पडते, कानात ‘खो’ येतं, ती उठते आणि समोरच्या मुलीला टिपते. तिने सगळं बरोबर केलं. आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा गडी तिने टिपला आणि शिट्टी वाजली. तुला निदान चूक तरी आहे, तिच्या हातात काय उरलं? ती तुझ्यावर रागावली असेल, किंवा तुला काय बोलावं हे तिला सुचत नसेल. या वयात दोन्ही सारखंच दिसतं.

बातमीत जिथे मी ‘सर्वांत जास्त गडी कुणी टिपले’ असं लिहायला सांगितलं तिथे तिचं नाव बसत असेल तर चांगलंच. बसत नसेल तर ओढूनताणून घालू नकोस, तिला ते लगेच कळेल.

पण तीही ११ दिवस तुझ्याबरोबरच होती ना? म्हणजे तिची प्रयोगवहीही तेवढीच कोरी आहे. उद्या शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत जाताना तिला हाक मार. माफी वगैरे दारात उभं राहून मागू नकोस. म्हण, “भिंग मी धरते, कागद तू धर, पट्टी लावायला कुणीतरी लागतंच.” खिडकीबाहेर झाड नसेल तर ध्वजस्तंभ चालेल. तो कागदावर उलटा दिसायला लागला की ती आपोआप म्हणेल, “थांब, हलू नको.”